दुखवट्याचं माप

माझी बायको कांता गेली हे गावाला कळलं, त्या दिवशी माझं तोंड एक बोटच उघडत होतं. ही गोष्ट फक्त कांताला माहीत होती. बांबूचा ट्रक भरताना जबड्याला मार बसल्यापासून ते हळूहळू मिटत चाललं होतं. ती मला पातळ पेज करून द्यायची.

रडू आलं, पण रडायलाही तोंड लागतं. ते आतच राहिलं. शेजारच्या गिरजाबाईंनी रीतीप्रमाणे घास पुढे केला.

"काऊन रे वामन, एक घास तरी घे."

"मले मार लागला," मी दातांमधून म्हणालो.

"लागनारच, बापा. सोन्यासारखी बाई गेली," सोमाजी सरपंचांनी डोळे पुसले.

आठवड्यात माझी कीर्ती वडशापर्यंत गेली. बाया आपापल्या नवऱ्यांना मला दाखवायला आणू लागल्या.

"पाहा, याले म्हनतात नवरा! तुमी तर माह्या मायच्या तेरवीत तीनदा वाढून घेतलं."

ग्रामपंचायतीनं ठराव करून मला आदर्श विधुर घोषित केलं आणि एक बोट हे दुखवट्याचं अधिकृत माप ठरवलं. त्यानंतर गावात कुणी मेलं की सोमाजी घरच्यांच्या तोंडात बोटं घालून पाहत. दोन गेली तर दुःख अपुरं.

पेजही जाईना, तेव्हा मी चंद्रपूरला गेलो. डॉक्टरांनी फोटो काढला. चावायच्या स्नायूत हाड तयार झालं होतं. नागपूरला ऑपरेशन करून ते काढलं.

"रोज दातांत लाकडी पट्ट्या सारून तोंड उघडा. तीन बोटं उघडलंच पाहिजे, नाहीतर हाड पुन्हा धरेल," तिथले डॉक्टर म्हणाले.

अंगणात बसून मी पट्ट्या सारत होतो. गिरजाबाई किंचाळल्या. सोमाजी पंचांसह आले आणि त्यांनी माप घेतलं.

"वर्ष नाई झालं, अन् तीन बोटं?"

"डाक्टरनं सांगतलं, भाऊ. जबड्यात हाड आलं होतं."

"कांताबाई तुही बायको होती का डाक्टरची?"

बराच विचार करून पंचांनी दीड बोट मंजूर केलं.

आता मी दार लावून तीन बोटं उघडतो, तेही आवाज न करता, बाहेर दीड. तुम्हीही भेटायला याल, तेव्हा बोटं धुऊन या.

कांतासाठी मोठ्यानं रडायचं अजून राहिलं आहे.