उस्मानचाचांची फूटपट्टी

वेबसाइटचं पान सगळे जण डोळ्यांनी तपासतात, आमचे उस्मानचाचा फूटपट्टीने तपासत. शाळेतल्या पोरांची असते तसली लाकडी फूटपट्टी स्क्रीनला टेकवायची, एक डोळा मिटायचा आणि जाहीर करायचं, "या ब्राउझरात मेनू दोन सूत खाली सरकला. परत कर."

मोबाइलवर फोटो यायच्या आधीच्या काळात खांदा कॉलनीतल्या ऑफिसात आम्ही चौघं न्हावा शेव्याच्या मालवाहतूकवाल्यांच्या वेबसाइट करायचो. चाचा प्रत्येक पान पाच ब्राउझरांत उघडत, कारण एकात नीट दिसणारं पान दुसऱ्यात खुशाल विस्कटायचं. मी "माझ्याकडे बरोबर दिसतंय" म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "तुज्याकडं दिसतंय, कबूल. समोरच्याला?" मी चडफडायचो. पण आमच्या कामाबद्दल गिऱ्हाइकाची तक्रार येत नाही, हे अख्ख्या पनवेलला छाती फुगवून सांगणारा मीच होतो.

चाचांच्या टेबलावर एक म्हातारा कॉम्प्युटर होता, त्यात तितकाच म्हातारा ब्राउझर. त्याला कुणी हात लावायचा नाही. एका शुक्रवारी चाचा नमाजला गेले आणि मला समाजसेवेची हुक्की आली. मी तो काढून नवाकोरा ब्राउझर टाकला.

चाचा परतले, बघितलं आणि खुर्ची ओढून बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"साजिदच्या कॅम्पात तसलाच हाय रे," ते म्हणाले. साजिद त्यांचा मुलगा, आखातात नोकरीला. कामगारांच्या कॅम्पात सगळ्यांत मिळून एक जुना कॉम्प्युटर, त्याची पाळी शुक्रवारी संध्याकाळी. चाचा त्याच्यासाठी दर शुक्रवारी घरच्या फोटोंचं पान करत. "ऑपरेशननंतर त्याची अम्मी आज पयल्यांदा उठून बसली. फोनवर सांगतो तर त्याला खरं वाटत नाय. आनि त्या ब्राउझरात फोटो अक्षरांखाली जातो. इथं बगितल्याशिवाय कसा धाडू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन तास खपून जुना ब्राउझर परत बसवला. पान उघडलं, तर खरंच मजकूर चाचींच्या तोंडावर चढलेला! मी कोड बदलत गेलो, चाचा फूटपट्टी लावत गेले.

संध्याकाळी साजिदचा फोन आला.

"हनवटीपर्यंत दिसते ना? आनि हातातला चहाचा कप?" चाचांनी विचारलं. तिकडे पोरगा रडत असावा, कारण चाचा एवढंच म्हणत होते, "अरे, बसलीय ना ती. बग ना."

फोन ठेवून त्यांनी फूटपट्टी बाहीला पुसली आणि खणात ठेवली. "दिसली त्याला," ते म्हणाले.

पुढे मी पुष्कळ वेबसाइट केल्या. पण अभिमानाने सांगावं असं पान ते एकच, आणि ते बघणारा माणूसही एकच होता.