एका दमात

जिभाऊंनी कोणाला ‘जेवलात का’ असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. ते अहिराणीत विचारत, “दाना खादा का?” पोस्टमनला, पाहुण्यांना, सगळ्यांना. एकदा मला पाहायला नंदुरबारहून लोक आले होते. तो मुलगा गेटपासून दारापर्यंत चालत आला, तेवढ्यात जिभाऊंनी शेजारच्या ओट्यावरून त्याला नीट पाहून घेतलं आणि चहाच्या वेळी पप्पांना सगळ्यांसमोर सांगितलं, “पोऱ्या बरा शे. पन मांगला पाय जरासा वढस.” ते स्थळ पुढे सरकलं नाही. मी जिभाऊंचे आभार मानायला हवे होते. पण मी तेव्हा कोणाशीच फारसं बोलत नसे.

सारंगखेड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. निवृत्त झाल्यावरही यात्रेत घोडा घ्यायला आलेली माणसं आधी जिभाऊंचं घर विचारत. व्यापारी घोड्याचे कान दाखवी, शेपटी दाखवी, नाचवून दाखवी. जिभाऊ एवढंच म्हणत, “पळाईसन लई ये.” घोडा तापीकाठाने पळवून आणला की ते त्याच्या कुशीकडे, बरगड्या संपतात तिथल्या मऊ भागाकडे, डोळे बारीक करून बघत राहत आणि मनात श्वास मोजत. मग गिऱ्हाइकाच्या कानात सांगत, घे किंवा नको घेऊस. “मालक काहीबी सांगस,” ते म्हणत. “आपन दम देखाना.”

दुसरी लाट आली तेव्हा मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आले होते. एकाच आठवड्यात गल्लीतले पाच जण पॉझिटिव्ह निघाले आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना आडवे बांबू बांधून, वर फलक लावून ती बंद करण्यात आली. दूध आणि भाजी बांबूच्या पलीकडे ठेवून माणसं मागे न बघता जात. भर उन्हात सगळ्या खिडक्या लावलेल्या. कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपायची, त्यांना उठवायला कोणी येत नसे. कूलर अचानक बंद पडला की दचकायला होई, इतकी शांतता.

तिसऱ्या सकाळी सात वाजता आमच्या गेटवर काठी वाजली. बाहेर जिभाऊ उभे. तोंडाला जाड कॅनव्हासचा मास्क, दाभणाने स्वतः शिवलेला, कानांमागे सुतळी. घोड्याला दाणा खायला तोंडाशी जी पिशवी बांधतात तो तोबरा कापून त्यांनी तो केला होता. हातात खडू.

“एक-एक जन मोजा,” ते रस्त्यावरूनच म्हणाले. “एका दम मा. मधमा सास ली तं आकडा बंद.”

“जिभाऊ, ऑक्सिमीटर शे ना घर मा,” पप्पा म्हणाले.

“बोटले चिमटा लाईसन काय समजस? घोडाले बोट ऱ्हास का?”

पप्पांनी सत्तावीसपर्यंत मोजलं, आईने एकतीसपर्यंत. जिभाऊंनी दोन्ही आकडे आमच्या ओट्याच्या खांबावर लिहिले. मग माझी पाळी आली. मी दाराआडून “वन, टू, थ्री” सुरू केलं.

“थांब. इंग्रजी नको. तिन्हा मा दम लागस नै.”

मी मराठीत सुरुवात केली. अठ्ठावीसपर्यंत नीट गेले आणि थांबले. छातीत श्वास भरपूर होता, पण पुढचा आकडा काही येईना. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना ही जागा माहीत असेल. जिभाऊ थोडा वेळ थांबले, मग खांबाकडे वळले. “येवढी जवान घोडी,” ते लिहिता लिहिता म्हणाले, “आनि अठ्ठावीस?”

दुपारपर्यंत अर्ध्या गल्लीला माझी काळजी लागली होती. आईने तीनदा वाफ घ्यायला लावली. खरं कारण मी सांगितलं नाही. आकडे येत नाहीत हे सांगण्यापेक्षा आजारी ठरणं मला सोपं वाटलं. संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी पन्नासपर्यंत पाठ केलं आणि दुसऱ्या सकाळी एका दमात चव्वेचाळीसपर्यंत म्हटलं. जिभाऊंनी बाहीने जुना आकडा पुसला. “दाना बदलना का?” त्यांनी आईला विचारलं.

गंमत तेवढीच होती. एरवी ती सात वाजताची वेळ मला नकोशी वाटे. माणसं दिसत नसत. बंद खिडक्यांमागून फक्त आकडे येत. एका घरातून भरभर, एका घरातून सावकाश. आवाज वीसच्या पुढे बारीक होत जाई आणि कुठल्या तरी आकड्यावर संपे. तो संपला आणि पुढच्या घरचा सुरू झाला, यांच्या मधली शांतता ऐकायला नको म्हणून मी नळ सोडून ठेवत असे. गल्लीत एक घर कुलूपबंद होतं. तिथल्या चौघांनाही घेऊन गेले होते. जिभाऊ तिथेही थांबत. गेटवर काठी वाजवत, एक माणूस मोजेल तितका वेळ उभे राहत आणि मग पुढे जात.

“तिथे कोणी नाही ना?” मी आईला विचारलं.

“तू नळ बंद कर आधी,” आई म्हणाली.

समोरच्या दगडू आबांचा आकडा चोवीस होता. तो एकोणीस झाला, मग चौदा. आबा खिडकीतून जिभाऊंना म्हणाले की मी मुद्दाम कमी मोजतो, तुला कामाला लावायला. जिभाऊंनी हुज्जत घातली नाही. त्यांनी पप्पांना रुग्णवाहिका बोलवायला लावली. आबांनी खिडकीतून त्यांना चप्पल फेकून मारली. ती जिभाऊंनी काठीने उचलून स्वतःच्या ओट्यावर ठेवली. बारा दिवसांनी आबा कागदासारख्या आवाजाने परत आले आणि बांबूखालून वाकून आत येताच पहिली गोष्ट बोलले ती म्हणजे, “मन्ही चप्पल कथी शे?” त्यानंतर कोणी मोजायला कुरकुर केली नाही.

गल्ली बंद ठेवायची मुदत वाढली होती. सगळ्या खांबांवर आकडे होते. जिभाऊंच्या खांबावर मात्र काहीच नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी कोणाला बोलले नाही.

माझ्या खोलीची आणि त्यांच्या घराची भिंत एक. जिभाऊ एकटे होते. इंदूमाय, त्यांची बायको, आदल्या पावसाळ्यात पहिल्या लाटेत गेली होती. ती होती तेव्हा या भिंतीतून तिचं बोलणं सारखं येत असे, एका दमात, स्वयंपाकघरातून ओट्यापर्यंत. डबा कुठे ठेवला, पाय का धुतले नाहीत, धोतराला कसला वास येतोय. जिभाऊंचं उत्तर कधी ऐकू येत नसे. ती गेल्यावर भिंत गप्प झाली होती.

आणि मग एका दिवेलागणीला भिंतीतून जिभाऊंचा आवाज आला. “हां, बोल.”

नंतर काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मग, “बरं शे.”

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच. “हां, बोल.” शांतता. “बरं शे.” कोणीतरी तिथे मोजत होतं आणि ते जिभाऊंना ऐकू येत होतं, मला येत नव्हतं. मी पलंग भिंतीपासून हातभर लांब सरकवला. मग तिसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीला लावला, कारण लांबून नीट ऐकू येईना.

सवय वाईट. मी ती शांतता मोजू लागले. पहिल्या दिवशी छत्तीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी चौतीस. त्यानंतर सव्वीस. त्या घरात जे कोणी होतं त्याचा दम कमी होत होता. हा विचार मनात आला तशी मी उठले. मी स्वयंपाकघरात जाऊन आईजवळ उभी राहिले. “काय झालं?” तिने विचारलं. मी म्हटलं, “काही नाही, भूक लागली.”

पुढच्या संध्याकाळी मी भिंतीला कान लावला. “हां, बोल.” आणि मग, त्या शांततेच्या आत, अगदी हळू, ओठ हलावेत तसा आवाज. “...पंधरा, सोळा, सतरा.”

तो इंदूमायचा नव्हता. जिभाऊंचाच होता. त्यांना विचारणारं कोणी नव्हतं म्हणून ते स्वतःलाच विचारत होते आणि स्वतःच मोजून दाखवत होते. सतरावर दम तुटला. भिंतीपलीकडे जरा खोकला आला. मग नेहमीच्याच आवाजात, “बरं शे.”

पप्पांना सांगून उपयोग नव्हता. पप्पांनी विचारलं असतं आणि जिभाऊंनी घोड्याचं काहीतरी बोलून त्यांना हसवून परत पाठवलं असतं. मागचे आकडे फक्त मला माहीत होते.

सकाळी सात वाजता गेटवर काठी वाजली, रोजच्यापेक्षा हळू. आईने मोजलं, पप्पांनी मोजलं. मी गेट उघडून रस्त्यावर आले.

“जिभाऊ, आज आधी तुम्ही मोजा.”

“मन्हं काय मोजस. म्हातारा घोडा.”

“मोजा.”

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. दोन-तीन खिडक्या उघडल्या. “मोज रे भो,” दगडू आबा समोरून म्हणाले. “माले तं बरं मोजाडं तू.”

जिभाऊंनी तोबरा खाली ओढला, सरळ उभे राहिले आणि सुरुवात केली. पहिले पाच आकडे दवाखान्यात हाक मारावी तसे खणखणीत. मग आवाज खाली येत गेला. नऊ. दहा. अकरा. त्यांनी हात लांब करून आमच्या गेटचा आधार घेतला.

“म्होरला आकडा ध्यान मा नै ई ऱ्हायना,” ते म्हणाले.

अठ्ठावीसपाशी माझ्या बाबतीत ते खरं होतं. “बारा,” मी म्हटलं.

“हां. तोच,” जिभाऊ म्हणाले. पण बारा म्हणाले नाहीत.

पप्पा आत फोन करायला गेले. जिभाऊ त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. मी लांब, आमच्या गेटपाशी उभी राहिले. त्यांच्या शर्टाखाली कूस वर-खाली होताना दिसत होती. ती मोजायची नाही असं मी ठरवलं आणि तरी मोजली.

“इंदू एका दम मा बोले,” ते म्हणाले. दोन-दोन शब्दांनी थांबत. “तुले ठाऊक शे. भितडा मजारथीन ऐकू येत व्हई.”

मी मान हलवली.

“शेवटला आठ दिन तिन्हं बोलनं तुटाले लागनं. दोन शब्द बोले, मंग थांबे. आखो दोन शब्द. इतला घोडासना दम मोजा मी.” ते रस्त्यावर झोपलेल्या कुत्र्याकडे बघत होते. “आनि मी काय समजनू माहीत शे? समजनू, बरं शे. आते जराशी सुधारनी, कटकट कमी व्हयनी.”

 

रुग्णवाहिका बांबूपर्यंतच येऊ शकली. जिभाऊ चालत गेले. कोणाला हात लावू दिला नाही. जाताना काठी आणि खडू आमच्या ओट्याच्या कडेला ठेवून गेले. “सात वाजता,” ते मला म्हणाले. “आनि इंग्रजी नको.”

मी त्यांच्या खांबावर अकरा लिहिलं. तो आकडा मला तिथे मोठा दिसू लागला म्हणून थोडा पुसून पुन्हा बारीक लिहिला.

दुसऱ्या सकाळी मी गेले. ज्या लोकांशी मी चार वर्षांत चार वाक्यं बोलले नव्हते त्यांच्या गेटवर काठी वाजवून मी म्हणत होते, मोजा. आणि ते मोजत होते. आत कोणीतरी पडद्यामागे उभं राहून मला आपला श्वास देत होतं आणि मी तो भिंतीवर लिहीत होते. त्या कुलूपबंद घरापाशी मी थांबले. काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून जिभाऊ थांबत तितका वेळ उभी राहिले. तेवढ्या वेळात आत काहीच हललं नाही. पण पुढे निघणं मला जमेना, ते आबांनी खिडकीतून हाक मारल्यावर जमलं.

दिवेलागणीला भिंत गप्प असे. पलंग मी हलवला नाही.

अकराव्या दिवशी त्याच वेळी फोन आला. अनोळखी नंबर होता, मी सहसा असे फोन घेत नाही. पलीकडे मशीनची सूं-सूं, लांबून कोणीतरी कोणाला तरी हाक मारतंय, आणि जवळ एक श्वास. बोलणं काही नाही. मला भीती वाटली. मग मला तो श्वास ओळखू आला.

“हां, बोला,” मी म्हटलं.

जिभाऊ मोजू लागले. सावकाश, कॅनव्हासमधून बोलावं तसा जाड आवाज. अकरा झाले, बारा झाले. मी उभी होते ती खाली बसले. वीस झाले. पंचवीस. अठ्ठावीस.

तिथे ते थांबले. दम संपला नव्हता. मला आता ते ऐकू येतं.

“म्होरे काय शे?” जिभाऊंनी विचारलं.

“एकोणतीस,” मी म्हटलं.

“हां.”

मग ते गप्प राहिले. फोन ठेवला नाही. ते कशाची वाट पाहतायत ते मला जरा उशिरा कळलं. आमच्या घरात माझ्याशी कोणी अहिराणीत बोलत नसे, आणि मीही कधी कोणाशी बोलले नव्हते.

“बरं शे,” मी म्हटलं.