दोनशे केबीचं माप

मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं न्हाई. पंचवीस वर्षं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी हाय मी. हमाल पोतं उचलताना त्याचं तोंड बघून किलो सांगतो. म्हणून त्या दिवशी माझ्या लेकीला, राजनंदिनीला, म्हणलं, "फॉर्म भरायला मी येतो सोबत. हे सेंटरवाले लई फसवतात."

नोकरीचा फॉर्म होता. शेवटची तारीख, पाच वाजेपर्यंत. पोरीनं दोन वर्षं याच जागेसाठी अभ्यास केलेला. दिंद्रुडला समाधानच्या ऑनलाइन सेंटरवर पोचलो तव्हा चार वाजले होते.

समाधाननं पदवीचं सर्टिफिकेट टाकलं. कंप्युटरनं ते घेतलंच न्हाई.

"काका, दोनशे केबीच्या आत पायजे. आपलं दोन एमबी हाय."

माझं डोकंच फिरलं. "अबे, दोन मोठे का दोनशे? शाळेत गेलतास का कधी?"

"काका, एमबी मोठं असतंय."

"आकडा बघ, आकडा!"

मी मागं रांगेतल्या लोकांनाच विचारलं. सगळे म्हणले, दोनशे मोठे. समाधान कपाळाला हात लावून बसला. शेवटी राजनंदिनी म्हणली, "आप्पा, दोन टन सोयाबीन दोनशे किलोच्या जागेत बसंल का?"

हे मात्र डोक्यात शिरलं. मापाड्याला टन आन् किलो समजवायची पाळी आली, ती बी चारचौघात. त्यानं आणखीच भडकलो. "मग एका एमबीत केबी किती?"

"एक हजार चोवीस," समाधान म्हणला.

"वरचे चोवीस कावून?"

"तसंच असतंय, काका."

तसंच असतंय! क्विंटलमागं दोन किलो कडता कापताना व्यापारी हेच म्हणतात. त्या कडत्यापायी मी दोनदा मोंढा बंद पाडलाय. "ते चोवीस कुणाच्या घशात जातात ते सांग, मग पुढं सरक," म्हणलं. यातच साडेचार वाजले.

समाधाननं गुमान फाइल बारीक केली. एकशे शहाण्णव केबी.

"चार कमी कावून?"

"दोनशेच्या आत असलं की चालतंय."

"माझ्या पोरीच्या फॉर्ममधी कमी माप? उद्या सरकारनं परत पाठवलं तर? पुरे दोनशे भर."

बिचाऱ्यानं वाढवलं. दोनशे तीन झाले. कमी केलं, एकशे नव्व्याण्णव. "अजून एक टाक," म्हणलं. दोनशे एक. मी टेबलावर मूठ आपटली, तशी पिन निसटली आन् कंप्युटर बंद पडला. पाचला चार मिनिटं कमी होती. रांगेतल्या दोघांनी मला दंडाला धरून बाहेर बसवलं.

बाहेर बसून मी समाधानला, सरकारला, कंप्युटर काढणाऱ्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. मग पाच वाजले आन् ध्यानात आलं. पोरीची दोन वर्षं मी मातीत घातली.

राजनंदिनी बाहेर आली, मोबाइल माझ्यापुढं धरला. फॉर्म गेलता. मी भांडत होतो तव्हाच समाधाननं ती एकशे शहाण्णववाली फाइल तिच्या मोबाइलवर टाकलेली, आन् तिनं कोपऱ्यात उभं राहून फॉर्म भरून बी टाकला.

माझ्या डोळ्यात पाणीच आलं. "लई बरं झालं गं. आता परीक्षेला आपण पहाटच्या गाडीनं जाऊ."

"परीक्षेला मी एकटी जाईन, आप्पा," ती म्हणली. आवाज बी चढवला न्हाई तिनं. तेच लई लागलं.

राग तर अजून गळ्यापर्यंत हाय. पण पोरीवर ओरडायला जीभ उचलत न्हाई, समाधानकडं जायला तोंड न्हाई. म्हणून आपलं तुमच्यापाशी बोंबलतोय.