घड्या नापास करणारे डोमाजी

सीताबर्डीच्या घड्याळांच्या दुकानात डोमाजी गिऱ्हाईक म्हणून शिरत आणि परीक्षक होऊन उभे राहत. स्टॉपवॉच मागायचे, कानाला लावायचे, चालू करून काउंटरवर ठेवायचे आणि डोळे मिटून हवेत हातमाग चालवायचे. उजवा हात दोरी ओढतोय, डावा फणी ठोकतोय, खाली पाय पावड्या दाबतायत. ऐंशी वेळा झालं की डोळे उघडून काट्याकडे बघायचे आणि निकाल द्यायचे, "नापास. लय घाई हाये हिले."

"काकाजी, स्वित्झर्लंडची घडी आहे!" दुकानदार कळवळायचा.

"असन. तिकडं माग नसन."

डोमाजी आमच्या मोहल्ल्यातले विणकर. सूत मिळेनासं झालं तेव्हा माग मोडला आणि जरीपटक्याच्या बाजारात कापडाचे गठ्ठे बांधू लागले. पण त्यांचा वेळ धोट्यातच राहिला. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी. ऐंशी धोटे म्हणजे एक मिनिट. भात शिजायला किती? हजार धोटे. उमरेडची एसटी आली नाही, तर स्टँडवर उभे राहून सगळ्यांना सांगणार, "दोन हजार धोटे लेट हाये."

रोज सकाळी धोतर खोचून ते मैदानावर धावत. पुढे त्यांची लेक शांता, मागे हे, मोठ्याने धोटे मोजत. शांता आठशे मीटर धावायची. तीन मिनिटांच्या आत येईल तिलाच शाळा जिल्ह्याच्या शर्यतीला पाठवणार होती. तीन मिनिटं म्हणजे दोनशे चाळीस धोटे. शांता पोचली की डोमाजी धापा टाकत ओरडायचे, "दोनशे तीसच झाले! पास झाली वं पोरी!" तिला तालमीसाठी खरं स्टॉपवॉच हवं होतं, आणि बाप सहा महिने दर रविवारी ते निवडतच होता.

आता माझं. मी एकवीस वर्षांचा, विणकर संघटनेची पत्रकं लिहिणारा. सुतासाठी आमच्या सभा रविवारी व्हायच्या आणि डोमाजी एकाही सभेला आले नाहीत. माझं डोकं फिरलं. मी पत्रक काढलं: 'मोहल्ला उपाशी, आणि एक घरभेदा विदेशी घड्याळांच्या चैनीत दंग!' दीडशे प्रती मी स्वतः वाटल्या.

दुसऱ्या दिवशी तेच पत्रक घेऊन डोमाजी माझ्या दारात. "पुढारी, वाचून दे गा. चष्मा फुटला माहा."

मी सगळं वाचलं. ते मान हलवत ऐकत होते. "कोन हाये गा हा घरभेदा? अशाले मोहल्ल्यात ठेवू नये."

"तुम्हीच, काकाजी."

त्यांनी पत्रक माझ्या हातून परत घेतलं. मग म्हणाले, "अस्सं. पण लिहिलं मात्र झोकात."

मला तिथेच लाज वाटायला हवी होती. वाटला तो राग. एवढ्या घणाघाताला या माणसाने शाबासकी द्यावी? मी ठणकावलं, "तुमचे धोटे ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. उद्या घड्याळ घेऊन येतो, दाखवतोच."

आमच्या सेक्रेटरींचं सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन मी मैदानावर गेलो. शांता जीव तोडून धावली. डोमाजी ओरडले, "दोनशे अठ्ठावीस! पास!"

मी सभेतल्या आवाजात जाहीर केलं, "तीन मिनिटं सतरा सेकंद. नापास." आणि वर समजावूनही सांगितलं, "तुमचा माग सुटला, काकाजी. हात मंदावले. घड्या बरोबर आहेत, तुम्ही चुकताय."

शांताने बापाकडे पाहिलं. ओढणीने तोंड पुसलं आणि घराकडे चालू लागली. धावली नाही, चालत गेली.

डोमाजी मातीत बसले. मला वाटलं, आता शिव्या देतील. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती.

"मले ठाऊक हाये गा," ते म्हणाले. "पयल्याच घडीनं सांगतलं होतं."

"मग सहा महिने दुकानात काहून जाऊन राहिले?"

"तिची माय गेली तवापासून पोरगी खाटेवरून उठत नव्हती. धावाले लागली तं जेवाले लागली. घडी घरी आणली असती तं तिनं पाहिलं असतं. नाई आणली तं इचारे, 'बाबा, घडी काहून नाई?' मंग काय करू? दर रविवारी जात होतो, घडीलेच नापास करून येत होतो."

माझ्याकडे या विषयावर पत्रक नव्हतं. "माफ करा, काकाजी," एवढंच म्हणालो, तेही त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

दुसऱ्या सकाळी मी मैदानावर गेलो. डोमाजी एकटेच धावत होते. धोटे मोजत नव्हते.

"शांता?"

"घरी हाये. मी धावताना दिसलो तं पोरगी येईन." ते थांबले नाहीत. "उभा काहून गा? म्हातारा एकटा धावन तं लोक पागल म्हनतीन. चाल."

मी चपला हातात घेतल्या आणि त्यांच्या मागे धावू लागलो. दर वळणावर डोमाजी मान वळवून रस्त्याकडे पाहत होते. तिकडे पाहायची माझी हिंमत होत नव्हती. मी त्यांच्या टाचांकडे पाहत धावत राहिलो.