सत्तावीस मिनिटं आधीचं नवं वर्ष

तिलकसिरीने रेडिओ खिडकीत ठेवला, त्याचं तोंड गल्लीकडे केलं आणि आवाजाची कळ शेवटच्या टोकापर्यंत पिळली. रेडिओ नाटकांत त्याची बारा वर्षं गेली होती. गर्दीत गलका केला, मेलेल्यांसाठी रडला, एकदा तर बैलही झाला. पण अख्खं वाक्य वाट्याला आलं ते यंदाच्या, आधीच मुद्रित करून ठेवलेल्या नववर्षाच्या नाटकातच. ते सासूबाईंच्या कानावर घालायचंच आणि त्यांच्या तोंडून एकदा तरी बरा शब्द काढायचाच, असा त्याने पण केला होता.

सासूबाई पोडिहामिने थंड चुलीपाशी बसल्या होत्या. जुनं वर्ष सरलं होतं, नवं अजून लागायचं होतं. अशा मधल्या वेळी ना चूल, ना घास, ना काम. मुहूर्त रेडिओ सांगणार, मग फटाके फुटणार, मग नव्या मडक्यातलं दूध उतू जाणार; श्रीलंकेतल्या होरणातली ती गल्ली वर्षानुवर्षं अशीच चालत आली होती.

"काय जावईबापू, आज माणसाचं काम आहे की जनावराचं?"

"निवेदकाचं, आई. ऐका तर खरं!"

"ऐकते की. उपाशी माणसाला दुसरं काम काय?"

नाटकातली सासू-सून भांडता भांडता थांबल्या आणि तिलकसिरीचा आवाज गल्लीभर घुमला, "श्रोतेहो, शुभ घटिका आली आहे! चुली पेटवा!" पाठोपाठ स्टुडिओतले ढोल आणि फटाके वाजले. तिलकसिरीने आशेने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोर दुकानदार एड्विन मुदलालीच्या अंगणात खरोखरीची माळ तडतडली.

मुदलालीची माळ ऐकून शेजारच्याने पेटवली, त्याची ऐकून पलीकडच्याने. दोन मिनिटांत घराघरातून धूर निघू लागला. निवृत्त पोस्टमास्तर विजेपालांनी घड्याळ पाहिलं, मान हलवली आणि काटे सत्तावीस मिनिटं पुढे सरकवले. रेडिओ कसा चुकेल!

रेडिओवर मात्र सून पुन्हा गळा काढून रडू लागली. मुदलालीच्या हातातली पळी थांबली. थोड्याच वेळात अख्खी गल्ली तिलकसिरीच्या दारात होती.

"वर्ष नासवलंस की रे माझं!" मुदलाली कडाडला.

"अहो, ते नाटक होतं..."

"मग नाटकासारखं बोलायचं! इतकं खरं कशाला बोललास?"

तिलकसिरी उंबऱ्याआड सरकला. आता वर्षभर कुणाचा पाय मोडला, कुणाची म्हैस आटली, तरी खापर त्याच्याच डोक्यावर फुटणार होतं.

शेवटी पोडिहामिने कमरेवर हात ठेवून बाहेर आल्या. "कालवा पुरे! विझवा चुली, दूध मांजराला घाला, दुसरी मडकी काढा. मुहूर्त कुठं पळून गेलाय?"

पुन्हा सगळे आपापल्या चुलीपाशी गेले. दारं उघडी, कान खिडकीतल्या रेडिओकडे. वेळ झाली आणि खऱ्या निवेदकाने मुहूर्त सांगितला. पण गल्लीत एक काडी ओढली गेली नाही.

"हा पण नाटकातलाच असणार," मुदलाली ओरडला.

"नाही हो, हा खरा आहे!" तिलकसिरी काकुळतीला आला.

"छे! याच्या आवाजात काही दम नाही. तू सांग बाबा. तू म्हटलंस की पटतं."

तिलकसिरी अंगणात स्टुलावर चढला. बारा वर्षांत एवढे श्रोते त्याला समोर दिसले नव्हते. त्याने सदरा नीट केला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, "श्रोतेहो" म्हणून थांबला आणि थांबलाच. तो विराम त्याला असा काही आवडला, की पुढचे शब्द बाहेर पडेपर्यंत बराच वेळ गेला.

"अहो, चार मिनिटं टळली!" पोस्टमास्तर कळवळले. "रेडिओनं सांगितलेली वेळ गेली की!"

पोडिहामिनेंनी काडी पेटीवर टेकवली. "रेडिओ सरकारचा आहे, मास्तर," त्या म्हणाल्या. "जावई माझा आहे."

आणि त्यांनी काडी ओढली.