कासवाचं शेवटचं पान

शाळेत चित्रांचं नवं पुस्तक आलं की वाठोरे बाई ते वाचत नसत, त्याला खळ लावत. छापलेल्या प्रत्येक ओळीवर कोरी पट्टी चिकटवायची, मगच पुस्तक पोरांच्या हाती. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. सेनगावकडच्या एका तांड्यावरची आमची शाळा. बाई मुख्याध्यापक आणि मी त्यांचा एकुलता एक स्टाफ. सरकारी मालाची ही नासधूस मी अनेकदा त्यांच्या कानावर घातली.

"सर, छापलेलं समदं खरं असतंय व्हय?" एवढं म्हणून त्या पुन्हा खळीत बोट बुडवत.

मग पोरं चित्र बघून गोष्ट सांगत आणि बाई ती पट्टीवर लिहीत. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी कासवाच्या पुस्तकातली पट्टी नखानं उचकटली आणि खालचं मोठ्यानं वाचलं, "कासव लग्नाला निघाले."

तिसरीतली सुमन ताडकन उठली. "चुकलं सायेब! लग्नाला कोन घर पाठीवर घिऊन जातंय? ते ऊस तोडायला चाललंय."

साहेबांनी शेरेबुकात बाईंना चांगलंच झाडलं. बाईंनी शेरा शांतपणे वाचला आणि त्यावरही पट्टी लावली.

दिवाळी झाली की अर्धा तांडा ट्रकमध्ये बसून साखर कारखान्याकडे जायचा. वर्ग ओस पडायचा. जाणाऱ्या पोरांना बाईंचा एक नियम होता: गोष्टीचं शेवटचं पान कोरं ठेवायचं, परत आल्यावर सांगायचं. मला हा निव्वळ पोरखेळ वाटे. चैत्रात ट्रकमधून उतरलेली पोरं घराकडं न जाता आधी शाळेत पळत येत, हे मात्र मी कधी कबूल केलं नाही.

त्या वर्षी गेलेली सुमन परत आली नाही. पुढच्याही वर्षी नाही. कासवाच्या शेवटच्या पानावरची पट्टी पिवळी पडली. एकदा मी पेन काढून म्हटलं, "बाई, मीच लिहून टाकतो. कासव घरी पोचलं."

बाईंनी पुस्तक हिसकावलं. "हात लावू नका. सुमनचं पान हाय ते."

त्यांचा आवाज फाटलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मला माझीच लाज वाटली.

पुढे बाईंची डोंगरकडा गावच्या शाळेत बदली झाली. खळीची वाटी त्यांनी सोबत घेतली, कासवाचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. जीप सुरू झाल्यावर डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "सर, ती आली तर काहून उशीर केला म्हणून वरडू नका. कासव हाय ते."