सगुणाबाईंची बैठक

"खाली बसलीस तर धंदा बंद. आणि उठवायला कुणी लागलं तरी बंद!" दिवाळे गावच्या मासळी बाजारात आईला उतरवताना मितेशने अट घातली.

सगुणाबाईंचे दोन्ही गुडघे नवे होते. ऑपरेशन झाल्यापासून घरी बसून त्यांनी सुनेचा बिनसाखरेचा चहा आणि बघायला येणाऱ्यांचे सल्ले मुकाट गिळले होते. आता त्यांना फक्त जाऊबाई रखमाशेजारची आपली जागा हवी होती. पण तिथे पाटावर बसायचं, आणि पाट तर डॉक्टरांनी जन्माचा बंद केलेला.

बेताच्या उंचीची, हात टेकायला दांडे असलेली खुर्ची घरात एकच होती. ऑपरेशननंतर आणलेली, मधोमध भोक असलेली. सगुणाबाईंनी खालचं भांडं काढलं, खुर्ची दोनदा धुतली, भोकावर गोधडीची घडी टाकली आणि थाटात मासळीमागे मांडली.

"अगो बाय, सिंहासन!" रखमा म्हणाली.

"डाक्टरनी सांगलंय तवरीच उंच हाय," सगुणाबाई ऐटीत बसल्या.

पहिलंच गिऱ्हाईक आलं. सुरमई दाखवायला सगुणाबाई पुढे वाकल्या, घडी सरकली आणि मागे टेकताच त्या भोकात गेल्या. उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी काम चोख केलं; पण गुडघे तेवढे बदललेले, बाकीचा ऐवज जुनाच होता, त्यात घरी बसून वाढलेला.

"मावशी, शंभर कमी करा."

सगुणाबाई गप्प. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं. अशा वेळी कोळणीने अर्धवट उठून "ये गो, ने!" म्हणायचं, हा बाजाराचा रिवाज. त्यांनी हाक मारायला छाती भरून श्वास घेतला, तर आणखी बोटभर आत गेल्या. श्वास तसाच सोडून दिला.

बाई कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली, वळली. "बोलवत पण नाहीत! द्या बाई, म्हणाल त्या भावात. माल तसाच भारी असणार."

ते पुढच्या बाईने ऐकलं, तिचं तिसरीने. सगुणाबाई देवीसारख्या ताठ बसून राहिल्या. रखमा घसा फोडून ओरडत होती आणि माशा वारत होती. इकडे शेवटचा बांगडाही गेला.

तेवढ्यात मितेश आला. "चल आई, ऊठ."

सगुणाबाईंनी खुर्चीचे दांडे धरले. मग त्यांना व्यायाम शिकवणारी उन्नती आठवली: पाय मागे घ्या, नाक पुढे न्या, उठा. त्यांनी पाय मागे घेतले, नाक पुढे नेलं आणि उठल्या. सरळ, स्वतःहून. खुर्चीही उठली.

सगुणाबाई खुर्चीसकट गाडीपर्यंत चालत गेल्या.

"उठले की नाय? कोनी हात लावला?"

"नाही, पण आई..."

"मंग उद्या पन यायचं."

त्यांनी गाडीचं दार धरलं, मागून रखमाने खुर्ची ओढली, तेव्हा कुठे बाईंची आणि खुर्चीची सुटका झाली. मितेश ती डिकीत ठेवायला लागला, पण रखमा दांडा सोडेना.

"मितेस, ही कुठं भेटते रं? माजे पन गुडघे दुखतान."

"तुजे कधीपासून?" सगुणाबाईंनी विचारलं.

रखमाने आपल्या भरलेल्या टोपलीकडे पाहिलं.

"आजपासून. आनि भोकवालीच आन, बाला."